बागुलबुवा कोण?

यंदा काय लिहिणार, असे संपादकांनी विचारले तेव्हा मी "भुतांवर" असे सांगून टाकले. पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. लक्ष्मीपूजन आटोपून, फराळाचे ताट पुढ्यात घेऊन जो अंक घरातल्या साऱ्यांनी आळीपाळीने वाचायचा, त्यात मढी उठून चालू लागणार ही कल्पना त्यांना फारशी रुचली नसावी. परंतु भुताची गोष्ट आपल्या घरांत कधी निषिद्ध नव्हती. कंदिलाची वात बारीक करून आजीने सांगितलेली मुंजाची गोष्ट ज्याने ऐकली नाही, असा माझ्या पिढीचा माणूस विरळा. वेताळाने तर राजाच्या खांद्यावर बसून पंचवीस कोडी घातली. तेव्हा एका परदेशी भुताला दिवाळीच्या चार दिवसांत ओसरीवर जागा द्यायला हरकत नाही, असे मी त्यांना पटवले.

हे भूत माझ्या घरात आणले ते माझ्या नातवाने. तेव्हा तो शाळेत होता. 'आय ॲम लेजंड' या नावाचा, २००७ साली निघालेला अमेरिकन चित्रपट त्याने एका रविवारी मला आग्रहाने दाखवला. त्याचे आमिष साधे होते. "आजोबा, यात कुत्रा आहे." मी कुत्रेवेडा माणूस, बसलो. चित्रपटाच्या मध्यावर मी चष्मा पुसू लागलो, तेव्हा त्याने हळूच माझ्याकडे पाहिले आणि शहाण्या मुलासारखे काही न बोलता पुन्हा पडद्याकडे तोंड फिरवले. पुढे काही महिन्यांनी, तो चित्रपट ज्या कादंबरीवरून घेतला ती त्याच नावाची कादंबरी मला मिळाली. रिचर्ड मॅथेसन या लेखकाची, १९५४ सालची. अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाने लिहिलेले हे छोटे पुस्तक मी दोन रात्रींत संपवले, आणि शेवटचे पान मिटल्यावर माझ्या लक्षात आले, की माझ्या नातवाने मला पुस्तकातली गोष्ट दाखवलीच नव्हती. तीच पात्रे, तोच कुत्रा, तीच ओसाड नगरी. पण गोष्ट नेमकी उलटी.

शेवट सांगितल्यावाचून मला पुढे लिहिता येणार नाही. ज्यांना तो आपण होऊन वाचायचा असेल त्यांनी इथेच थांबून, पुस्तक मिळवून, मग या पानावर परत यावे.

मॅथेसनला ही कल्पना सुचली ती ड्रॅक्युलाचा जुना बोलपट पाहताना. एक रक्तपिपासू पिशाच्च जर एवढे भय उत्पन्न करते, तर सारे जगच तसे झाले तर काय होईल, असा विचार त्या पोरसवदा प्रेक्षकाच्या मनात आला. कादंबरीत १९७६ साल उजाडले आहे. लॉस एंजेलिसच्या एका साध्या वस्तीत रॉबर्ट नेव्हिल नावाचा कारखान्यात काम करणारा छत्तिशीतला माणूस एकटाच उरला आहे. एका साथीने बाकी सारे मेले तरी, किंवा पिशाच्च तरी झाले. दिवसा ती पिशाच्चे अंधाऱ्या जागी निपचित पडलेली असतात. रात्र झाली की त्याच्या घराभोवती जमतात. खिडक्यांना फळ्या ठोकून, दारावर लसणाच्या माळा बांधून, तबकड्यांवरचे अभिजात संगीत मोठ्याने लावून आणि व्हिस्की ढोसून हा गृहस्थ रात्र काढतो. दिवस उजाडला की लेथवर तासलेले लाकडी खुंट पिशवीत भरून बाहेर पडतो, घराघरांत शिरून झोपलेल्यांच्या छातीत ते ठोकतो. हा त्याचा रोजचा उद्योग. कारकून कचेरीत जातो तसा.

पुस्तकातली सर्वांत भयंकर गोष्ट मला वाटते ती रक्त नव्हे. बाहेर जमलेल्यांत बेन कॉर्टमन नावाचा एक इसम आहे. तो नेव्हिलचा शेजारी. एके काळी दोघे एकाच मोटारीतून कामावर जात. आता तो रोज रात्री अंगणात उभा राहून, बाहेर ये, म्हणून नेव्हिलला नावाने हाका मारतो. नेव्हिलला तो दिसायला ऑलिव्हर हार्डीसारखा वाटतो. लॉरेल-हार्डीतला तो जाड्या हार्डी! त्या एका उपमेने मॅथेसनने जे साधले आहे ते दहा स्मशानांच्या वर्णनांनी साधले नसते. हसावे की घाबरावे हे कळेनासे होते. दिवसा नेव्हिल या कॉर्टमनची लपायची जागा शोधत हिंडतो, आणि हा शोध हळूहळू त्याचा विरंगुळाच होऊन बसतो. शत्रू का होईना, नावाने हाक मारणारा जगात तो एकच आहे.

चित्रपटात कॉर्टमन नाही. तिथली पिशाच्चे बोलत नाहीत. गुरगुरतात, किंचाळतात, भिंतींवर चढतात. त्यांना नाव नाही, पूर्वायुष्य नाही. ती संगणकावर घडवलेली असल्यामुळे त्यांना वजनही नाही. रबरी बाहुल्यांसारखी ती इकडून तिकडे उसळतात.

इथे एक गमतीची वंशावळ सांगायला हवी. १९६८ साली जॉर्ज रोमेरो नावाच्या तरुण दिग्दर्शकाने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा चित्रपट थोड्या पैशांत काढला, आणि आज आपली मुले ज्याला 'झॉम्बी' म्हणून ओळखतात ते प्रेत पहिल्यांदा पडद्यावर चालू लागले. झॉम्बी ही कल्पना मूळची हैतीची. तिथला झॉम्बी म्हणजे मांत्रिकाने थडग्यातून उठवून गुलामासारखा शेतात राबवलेला मेलेला माणूस. रोमेरोच्या प्रेतांना मालक नाही, ती माणसे खातात, आणि त्याच्या चित्रपटात झॉम्बी हा शब्दही उच्चारला जात नाही. मात्र फळ्या ठोकलेले घर, बाहेर जमलेला मेलेल्यांचा घोळका आणि आत अडकलेला माणूस हे सारे आपण मॅथेसनच्या पुस्तकावरून उचलले, असे रोमेरोने स्वतः मोकळेपणाने सांगितले होते. पुढे झॉम्बीपटांचे पीकच आले. आणि २००७ साली मॅथेसनच्याच पुस्तकावर चित्रपट करताना त्यातल्या बोलक्या पिशाच्चांना याच पिकातल्या मुक्या, धावत्या झॉम्बींचे रूप देण्यात आले. आजोबांनी नातवाचे कपडे घालून मिरवावे तसे हे झाले. कपडे अंगाला बसत नाहीत ते नाहीत, वर आजोबांची वाचाही गेली.

नेव्हिलच्या घरच्यांचे मरण दोन्हीकडे आहे, आणि तिथे मला पहिली शंका आली. कादंबरीत त्याची मुलगी साथीत जाते. सरकारी हुकूम असा, की प्रेते एका प्रचंड धगधगत्या खड्ड्यात टाकायची. मुलीचे तसे झालेले पाहून बाप खचतो. म्हणून बायको मरते तेव्हा तो कायदा मोडतो आणि तिला चोरून मातीत पुरतो. ती परत येते. त्याच्या दारात येऊन उभी राहते. ज्या प्रेमापोटी त्याने तिला आगीपासून वाचवले, त्याच प्रेमाची किंमत म्हणून त्याला पुढचे कृत्य आपल्या हातांनी करावे लागते. चित्रपटात काय होते? बायको-मुलगी शहर सोडून जाताना हेलिकॉप्टरच्या अपघातात मरतात. नेव्हिल खाली उभा राहून पाहतो. दुःख मोठे आहे, पण त्याचे हात स्वच्छ राहतात. मोठ्या नटाचे हात स्वच्छ ठेवायचे, हा धंद्याचा नियम असावा. हाच चित्रपट त्या कारखान्यातल्या माणसाला लष्करातला शास्त्रज्ञ करतो, वॉशिंग्टन स्क्वेअरजवळचे प्रशस्त घर देतो आणि तळघरात सुसज्ज प्रयोगशाळा देतो. पुस्तकातला नेव्हिल ओस पडलेल्या ग्रंथालयातून पुस्तके आणून, धडपडत, चुकत, सूक्ष्मदर्शक यंत्र वापरायला शिकतो. रोगाचा जंतू त्याला काचेखाली दिसतो तो क्षण आपल्यालाही आपल्या शिकवणीचे फळ वाटतो.

(ती शास्त्राची पाने कंटाळवाणी आहेत, हे मात्र कबूल करायला हवे. जंतू, धुळीची वादळे, रक्तातली घटकद्रव्ये यांचा खल मॅथेसन इतका लांबवतो की मी दोनदा पेंगलो. पण त्यातला एक तपशील फार हुशारीचा आहे. क्रूसाला सगळीच पिशाच्चे भीत नाहीत. जी जिवंतपणी ख्रिस्ती होती तीच भितात. कॉर्टमन ज्यू, त्याला क्रूसाचे काही वाटत नाही, तो भितो तोरा या आपल्या धर्मग्रंथाला. म्हणजे भय भुताच्या जातीत नसून त्याच्या संस्कारांत आहे. आमच्या पिंपळावरच्या मुंजाला क्रूस दाखवला असता तर तो काय म्हणाला असता, याची कल्पना करून मी बराच वेळ हसलो.)

आता कुत्रा. चित्रपटाला इथे न्याय द्यायलाच हवा. ओसाड न्यूयॉर्कच्या रस्त्यांत गवत माजले आहे, हरणांचे कळप मोटारींमधून धावताहेत, आणि विल स्मिथ शेजारी बसलेल्या सॅम नावाच्या कुत्रीशी बोलत मोटार हाकतो आहे, हा पहिला अर्धा तास मी पाहिलेल्या उत्तम चित्रपटांत बसेल. दुकानात मांडलेल्या पुतळ्यांशी तो रामराम-शामराम करतो, त्यांतल्या एका स्त्रीपुतळ्याशी बोलायचा त्याला धीर होत नाही. एकांताने माणसाचे काय होते ते स्मिथने केवळ चेहऱ्याने दाखवले आहे. ही कुत्री त्याच्या मुलीची, पिल्लू असल्यापासूनची. ती चावली जाते, रोग तिच्यात शिरतो, आणि तिला कुशीत घेऊनच त्याला तिचा गळा आवळावा लागतो. मी रडलो ते इथे, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

कादंबरीतला कुत्रा कुणाचाच नाही. एके दिवशी भर उन्हात तो नेव्हिलला दिसतो, आणि जिवंत प्राणी पाहून हा माणूस वेड्यासारखा त्याच्यामागे धावतो. कुत्रा पळतो. मग सुरू होते एक विलक्षण प्रियाराधन. रोज दूध ठेवायचे, मांस ठेवायचे, दारामागून पाहायचे. आज तो पाच पावले जवळ आला, उद्या खाताना पळाला नाही. मॅथेसन इथे मुळीच घाई करीत नाही. वाचताना आपलेही सारे आयुष्य त्या दुधाच्या भांड्याभोवती गोळा होते. शेवटी कुत्रा आजारी पडतो, नेव्हिल त्याला घरात आणतो, तो पलंगाखाली घोंगडीत दडून थरथरतो, आणि फार उशिरा, फार संकोचाने, त्याचा हात चाटतो. पुढच्याच ओळीत लेखक सांगतो की आठवड्याने तो मेला. बस्स. शोक नाही, संगीत नाही, कुशीत घेणे नाही. मी पुस्तक पालथे घालून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. चित्रपटाने मला रडवून मोकळे केले होते. पुस्तकाने मोकळे केले नाही.

आणि आता तो शेवट.

नेव्हिलला उन्हात एक बाई दिसते. रूथ तिचे नाव. तो तिला ओढत घरी आणतो, तिच्यावर संशय घेतो, तिच्यावर भाळतो. ती हेर निघते. रोग झालेल्या माणसांपैकी काहीजण मेलेले नाहीत. औषधाच्या गोळीवर ते जगताहेत, नवा समाज बांधताहेत. इतकी वर्षे दिवसाउजेडी हा जे खुंट ठोकत हिंडला, ते मेलेल्यांच्या छातीत तसेच या जिवंतांच्याही छातीत ठोकले. फरक त्याने पाहिला नाही, पाहण्याची त्याला गरज वाटली नाही. रूथचा नवरा त्याच्याच हातून गेला आहे. मग एका रात्री त्या नव्या समाजाची काळ्या पोशाखातली माणसे येतात आणि घराबाहेरच्या पिशाच्चांना क्रूरपणे कापून काढतात. छपरावर चढून निसटू पाहणाऱ्या कॉर्टमनला ती गोळ्या घालतात, आणि त्याला ठार करण्यासाठी ज्याने वर्षे घालवली त्या नेव्हिलच्या काळजात कळ उठते. पाहा, किती पक्का लेखक आहे हा. नवी माणसे साधुसंत आहेत असेही तो भासवत नाही. मारण्यात त्यांना सुख वाटते आहे हे नेव्हिलला दिसते, आणि ते रूथलाही ठाऊक आहे.

जखमी नेव्हिल कैदेत खिडकीपाशी उभा राहतो. खाली जमाव. जमाव वर पाहतो, आणि एकदम गप्प होतो. त्या चेहऱ्यांवरचे भय तो ओळखतो, कारण ते त्याचेच जुने भय आहे. आपण झोपेत असताना घरात शिरून आपल्या माणसांना मारून जाणारा, कधी न दिसणारा, मागे फक्त प्रेत ठेवणारा तो राक्षस म्हणजे आपण, हे त्याला कळते. यापुढे या लोकांच्या आया आपल्या पोरांना निजवताना त्याची भीती घालतील. लेजंड या शब्दाचा इथे हा अर्थ आहे. मराठीत त्याला दंतकथा म्हणण्यापेक्षा मी बागुलबुवा म्हणेन. दीडशे-पावणेदोनशे पाने ज्याचा हात धरून आपण चाललो तो बागुलबुवा निघतो, आणि मग आपण कोण, हा प्रश्न आपोआप आपल्या पदरात पडतो.

चित्रपटात लेजंड या शब्दाचा पोवाडा होतो. विल स्मिथ रोगावरचा उतारा शोधून काढतो, रक्ताची कुपी एका बाईच्या हाती देतो, तिला आणि तिच्याबरोबरच्या मुलाला लपवतो, आणि हातबॉम्बने स्वतःसकट पिशाच्चांचा धुरळा उडवतो. बाई व्हर्मांटमधल्या एका वसाहतीत पोचते. मोठे फाटक उघडते, सैनिक दिसतात, चर्च दिसते, आणि तिचा आवाज आपल्याला सांगतो की नेव्हिल आख्यायिका होऊन गेला. ज्या शब्दात मॅथेसनने नायकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्याच शब्दाने इथे त्याला हार घातला आहे.

याआधी दोनदा हा प्रयत्न झाला होता. १९६४ चा 'द लास्ट मॅन ऑन अर्थ' पुस्तकाच्या सर्वांत जवळचा. रोमच्या रिकाम्या रस्त्यांत चित्रित केलेला, व्हिन्सेंट प्राइसच्या थकलेल्या चेहऱ्याचा. तरीही मॅथेसनला तो आवडला नाही, आणि पटकथेवर त्याने लोगन स्वॉन्सन असे टोपणनाव लावले. १९७१ च्या 'द ओमेगा मॅन' मध्ये चार्ल्टन हेस्टन शेवटी कारंज्यात हात पसरून क्रूसावरच्या ख्रिस्तासारखा मरतो, आणि त्याचे रक्त जगाला वाचवते. त्याविषयी अधिक बोलण्यात अर्थ नाही.

परंतु २००७ च्या चित्रपटाची गोष्ट निराळी, आणि म्हणून त्याचा राग अधिक. त्याला खरा शेवट ठाऊक होता. नीट पाहा. नेव्हिल प्रयोगासाठी एक स्त्री-पिशाच्च पकडतो, तेव्हा त्यांचा म्होरक्या तिच्यासाठी जाळणाऱ्या उन्हात डोके बाहेर काढतो. नेव्हिल याची नोंद करतो ती अशी, की यांचे माणूसपण पूर्ण लोपले आहे! पुढे नेव्हिलचाच डाव वापरून, त्याच्याच ओळखीचा पुतळा रस्त्यात उभा करून, त्याला फासात अडकवले जाते. हे बी कुणीतरी जाणून पेरले होते. ते उगवायच्या आत शेवटच्या दहा मिनिटांत शेतावर नांगर फिरवला गेला. दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्सने दुसरा शेवट चित्रित केलेला होता. नमुन्याच्या प्रेक्षकांना तो मानवला नाही म्हणून काढला, आणि पुढे तो चित्रपटाच्या डिस्कवर आला. नातवाने तो मला दाखवला. त्यात म्होरक्या काचेवर बोटाने फुलपाखराची आकृती काढतो. पकडलेल्या स्त्रीच्या अंगावर फुलपाखरू गोंदलेले आहे. हा तिला न्यायला आला आहे, एवढेच. नेव्हिल तिला परत देतो, आणि मग भिंतीवर लावलेल्या, त्याच्या प्रयोगांत मेलेल्यांच्या छायाचित्रांच्या रांगांकडे पाहतो. हाही पुस्तकाचा शेवट नव्हे. इथे नेव्हिलला पश्चात्ताप करून मोटारीतून निघून जाता येते. मॅथेसनने त्याला एवढी सवलत दिली नव्हती. तरी त्या छायाचित्रांच्या भिंतीपुढे विल स्मिथचा चेहरा जसा पडतो, तो चित्रपटगृहांतल्या लोकांना पाहू दिला नाही, हा त्या नटावरही अन्याय झाला.

नमुन्याच्या प्रेक्षकांना मी एके काळी नावे ठेवीत असे. आता ठेवत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदीत, मी हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचायला काढले होते. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका इस्पितळातल्या सिस्टर राहत. त्यांनी काही दिवस तिकडेच राहावे, इमारतीत येऊ नये, असे सोसायटीच्या मंडळींनी फोनवरच ठरवले. मला विचारले तेव्हा मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. त्या संध्याकाळी दोन पिशव्या घेऊन त्या फाटकाबाहेर उभ्या होत्या, आणि रखवालदार मान खाली घालून त्यांना काही सांगत होता. त्यांनी एकदा वर, आमच्या खिडक्यांकडे पाहिले. मी पडद्यामागे होतो. पुढे त्या परत राहायला आल्या, भेटतात, दिवाळीला चकल्या पाठवतात. त्या रात्री मात्र पुस्तकातल्या खिडकीच्या प्रसंगापर्यंत आल्यावर मला पुढे वाचवेना. असल्या प्रसंगी पोवाडा फार बरा वाटतो.

नातू आता बंगळूरला नोकरी करतो. गेल्या महिन्यात त्याने ती कादंबरी माझ्याकडून मागून नेली. परवा रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. मी घाबरून उचलला, तर वाचून संपली म्हणून सांगायला केलेला. कुत्र्याविषयी बोलेल असे मला वाटले होते. तो म्हणाला, "आजोबा, कॉर्टमनला मारतात तेव्हा त्याला एवढं वाईट का वाटतं?"

मी म्हटले, "दिवाळीला येतो आहेस ना? मग बोलू."